झडप

नकाशात सेक्टर अकराची सगळी गटारं निळी,
आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला बाण.
बाण खाडीकडे.
तीन महिने मी त्या बाणांवर विश्वास ठेवला.

चैत्र. आभाळ कोरडं ठणठणीत,
आणि दर अमावास्येच्या दुपारी
कोपरखैरण्यातल्या तळघरांत घोटाभर पाणी.
गाड्यांच्या चाकांना खारट पांढरा काठ.
रहिवाशांचे अर्ज, माझे तक्ते:
वेळ, पातळी, उतार, व्यास, पुन्हा वेळ.
आकडे खरे होते सगळे.
खोटं कुणीच बोलत नव्हतं, हीच पंचाईत.

साहेब म्हणायचे, झाड समजा हे.
फांद्या, खोड, खाली मूळ. चोंदलंय कुठे ते शोधा.
म्हणून आम्ही फांद्या खरवडल्या, एकेक.
गाळ, गोण्या, लहान मुलाचा एक बूट.
पाणी आपलं तिथीनुसार येतच राहिलं.
झाडाचं चित्र इतकं सुबक होतं
की त्यातून पाणी उलटं चढू शकतं
हे कुणाला दिसेचना.

हसुराम तांडेल, धारण तलावाच्या दाराचा राखणदार.
तलाव आहे तिथे त्याच्या बापाचं मीठ पिकायचं.
माझा तक्ता त्याने घडी घालून मला परत दिला.
"बाय, तिथीची पाऊनपट कर,
तवा कलंल खाडी कवा दारान येते.
पाव्हनी हाय ती. रोज उशिरा येते, पन येते."

मी कागदाच्या पाठीवर एक दार काढलं.
बाहेर बाई उभी, डोक्यावर घागर.
दार उघडतं तिच्याकडेच,
ती टेकली की आपोआप बंद.
इथवर चित्र चाललं.
मग अडलं. दार लागलेलं आहे,
तर उंबऱ्याच्या आत ओल कुणाची?

त्या दाराला आम्ही झडप म्हणतो.
रोज चौदा ठिकाणी हा शब्द लिहीत होते मी,
आणि त्याच आठवड्यात वाशीच्या दवाखान्यात
डॉक्टरांनी अप्पांच्या चिठ्ठीवर
एक वाकडातिकडा कप्पा काढून म्हटलं होतं:
झडप पूर्ण मिटत नाहीये. थोडं रक्त मागे येतंय.
ऐकायचंय?
नळी माझ्या कानात दिली.
धप्प. आणि धप्पच्या मागे
कुणी ओठ मिटूनही फुंकर निसटावी, तसं काही.

तेव्हा नाही सुचलं.
सुचलं भात लावताना,
कुकरची शिट्टी नीट न बसता सुसूत राहिली तेव्हा.

पुढच्या अमावास्येला, बाराच्या भरतीला,
मी झडपेच्या वरच्या कठड्यावर पालथी पडले,
कान लोखंडाला लावून.
लोखंड तापलेलं. गाल भाजला.
धप्प नव्हतं. फुंकर होती.

सुकती लागल्यावर हसुराम कोयता घेऊन उतरला.
चौकटीच्या खालच्या काठाला कालवं,
थरावर थर, बोटभर जाड.
दार त्यांच्यावर टेकत होतं, चौकटीवर नाही.
खरवडून बादली भरली त्याने,
एक कालव फोडलं, हुंगलं,
आणि काही न बोलता चिखलात फेकलं.

नकाशातल्या प्रत्येक रेघेला
मी त्या संध्याकाळी दुसरंही टोक काढलं.

अप्पांना सांगताना त्यांचीच चिठ्ठी घेतली.
डॉक्टरांच्या कप्प्याशेजारी माझी चौकट,
चौकटीला कालवं, टिंबटिंब.
ते बराच वेळ बघत राहिले.
मग छातीवर हात ठेवून म्हणाले,
"म्हणजे माझ्यातही कालवं?"

हो म्हणणार होते.
पण चित्र इथवरच येतं.
आत कधी सुकती लागत नाही, अप्पा,
कोयता घेऊन कुणी उतरावं
असा एकही रिकामा तास नाही तिथे.
हे मी बोलले नाही. त्यांनी ते
कोऱ्या राहिलेल्या जागेत वाचलं असावं.

"उद्याची भरती कधी?"
"पाऊण वाजता."
त्यांनी पेन्सिल मागून घेतली
आणि गोळ्यांच्या वेळांखाली
तीही लिहून ठेवली.